कातळवेळचा पाठीचा दगड

कातळवेळच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढताना अर्ध्या वाटेत एक काळा दगड उभा आहे. समुद्राकडची आणि खाडीकडची अशा दोन पाऊलवाटा तिथे मिळतात, आणि पुढे एकच चिंचोळी वाट वर जाते. दगडावर एक खूण कोरलेली आहे. पाठीला पाठ लावून दोन माणसे बसावीत तशी ती दिसते. ते चिनी अक्षर आहे, अर्थ उत्तर दिशा. गावचे परशुराम खडपे आजोबा पाहुण्यांना इथे बसवतात, दम खाऊ देतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी म्हणे एक चिनी गलबत पाणी भरायला या खाडीत शिरले. त्यावरचा लिन नावाचा सुतार तापाने फणफणला होता. सोबत्यांनी त्याला वाळूवर ठेवले आणि वारा मिळताच शिडे उभारली. गावच्या सोमाजी तांडेलाने त्याला उचलून घरी आणले, तर धाकटा भाऊ धाकोजी दारात आडवा उभा राहिला.

"दादा, घरात पोरंबाळं आहेत. हा ताप घरभर पसरला तर?"

"म्हणून काय माणसाला वाळूत मरू देऊ?"

"मग देवीची शपथ, तुझं तोंड बघणार नाही मी."

धाकोजीने खाडीकाठी वेगळे खोपटे बांधले. भाऊ समोरून आला की तो वाट बदलायचा.

लिन बरा झाला, होड्या दुरुस्त करू लागला, गावची बोली शिकला. काम आटोपले की या दगडापाशी बसून आपल्याकडची शिडे दिसतात का ते पाही. अशी काही वर्षे गेली. इथेच बसून त्याने ही खूण कोरली. खाडीकडून वर येणाऱ्या धाकोजीने ती पाहिली आणि त्याच्या हातची छिन्नी हिसकावली.

"आम्हा भावांचं भांडण दगडावर काढतोस?"

"नाही हो," लिन म्हणाला. "ही उत्तर दिशा. माझं गाव तिकडे आहे. आमच्याकडे थंडी फार, म्हणून घराचं तोंड दक्षिणेला, उन्हाकडे ठेवतात. राजासुद्धा दक्षिणेला तोंड करून बसतो. उत्तर पाठीमागे राहते, म्हणून लिहिताना पाठ काढायची." मग म्हणाला, "लढाईतून पळणाऱ्यालाही हेच अक्षर. तोही पाठच दाखवतो."

धाकोजीने छिन्नी परत दिली.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर चाचे आले. गावचे मचवे मासेमारीला दूर गेले होते. बायकापोरे सड्यावर चढली. चाचे दोन्हीकडून वर येऊ लागले. सोमाजी कोयता घेऊन समुद्राच्या वाटेवर उभा राहिला, धाकोजीने खाडीची वाट धरली. दोघे लढत मागे सरले ते या दगडापाशी, आणि पाठीला पाठ लागली. वरून लिन धोंडे लोटत होता.

इतक्यात सोमाजीच्या मांडीत भाला रुतला. त्याचा सगळा भार पाठीवर आला तेव्हा धाकोजीला कळले. वळला असता तर खाडीची वाट मोकळी पडली असती. त्याने पाय रोवले.

"टेक दादा, मी आहे."

टेकून टेकून सोमाजी लढत राहिला. शेवटी परतणाऱ्या मचव्यांची शिडे दिसली आणि चाचे पळाले. तेव्हा कुठे धाकोजी वळला. एवढ्या वर्षांनी भावाचे तोंड पाहत तो म्हणाला, "म्हातारा झालास रे, दादा."

"शपथ मोडलीस की," सोमाजी म्हणाला.

"मोडली तर मोडली. देवीला काय ते मी सांगेन."

सोमाजी जगला; पाय मात्र अधू राहिला. पुढे चिनी गलबत आले तेव्हा दोघा भावांनी आपल्याच होडीतून लिनला त्यावर पोचवले, असे सांगतात.

आजही कातळवेळमध्ये दोघांचे बिनसले की गाव त्यांना इथे आणून पाठीला पाठ लावून बसवते. बोलायचे नाही, तोंड बघायचे नाही, फक्त बसायचे. असे बसल्यावर दगडाला टेकता येत नाही, त्यामुळे पाठ अवघडली की दुसऱ्याच्याच पाठीवर रेलावे लागते. मग दोघे उठून घरी जातात. आधी कोण रेलला, हे गावात कोणी विचारत नाही.