बुलबुलाच्या फांदीवरची पाने

एका जंगलात, नदीच्या अलीकडे, करंजाच्या एका डेरेदार झाडात एक बुलबुल राहत असे. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका आणि जिभेला हाड नाही, एवढे सांगितले की त्याची ओळख पुरी झाली. झाडाच्या पूर्वेकडच्या फांदीवर, दोन डहाळ्यांच्या बेचक्यात त्याचे वाटीएवढे घरटे होते आणि त्यात तीन पिल्ले. थोरल्या पिल्लाला बापाचे भारी कौतुक. बाप बोलायला उभा राहिला की तेही मान उंच करी आणि डोक्यावर नसलेला तुरा फुलवायची खटपट करी. थोड्याच दिवसांत ते उडणार होते.

मुलांनो, त्या करंजावर एक जुनी रीत होती. दिवस कलला की सगळी पाखरे झाडावर जमत आणि दिवसभरात पाहिलेले एकमेकांना सांगत. ज्याचे बोलणे पटेल, त्याच्यासाठी प्रत्येकाने बसल्या जागेवरून एक पान तोडून खाली टाकायचे. पूर्वी त्यामुळे झाडाचे काही बिघडत नसे, कारण बोलणे असायचे ते कुठे उंबर पिकले आणि कुठे साप दिसला याचे. आठवड्याला दहा-बारा पाने पडली तर पडली. दुसरी रीत याहूनही जुनी होती. कुणी ‘शिकरा’ म्हणून ओरडले की काही न विचारता सगळ्यांनी एकदम कालवा करायचा. शिकरा कितीही भुकेला असो, शंभर पाखरांच्या कालव्यापुढे तो आल्या वाटेने परत जात असे.

मग नदीपलीकडे लढाई जुंपली, वानरांची आणि रानडुकरांची, जांभळांवरून. वानर म्हणत, झाडे आमची. डुकरे म्हणत, खाली पडेल ते आमचे. बघता बघता प्रकरण हातघाईवर आले. अलीकडच्या रानाचा राजा होता वाघ. त्याने फर्मान काढले की लढाई संपेपर्यंत नदीचा उतार बंद. इकडच्याने तिकडे जायचे नाही, तिकडच्याने इकडे यायचे नाही. आता पंख असलेल्यांना उतार बंद असला काय आणि उघडा असला काय, सारखेच. पण फर्मानावरून सगळ्यात जास्त भांडण पेटले ते पाखरांतच.

एका बाजूला होते सातभाई. मातकट रंगाची सात पाखरे, एक जिकडे, बाकीची सहा तिकडे. त्यांच्यातला थोरला एक वाक्य बोले आणि उरलेले सहा जण तेच वाक्य पुन्हा म्हणत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे की सात जणांनी विचार केलेला दिसतो. दुसऱ्या बाजूला होता आपला बुलबुल.

“हे फर्मानच चुकीचं आहे,” थोरला सातभाई म्हणाला. “आगळीक केली डुकरांनी. अशा वेळी राजानं वानरांच्या मदतीला जायचं की दार लावून बसायचं?”

“दार लावून बसायचं?” बाकीचे सहा म्हणाले.

बुलबुलाचा तुरा ताठ झाला. “आगळीक वानरांनी केली. डुकरांच्या पिल्लांवर दगड टाकले त्यांनी. तीस डुकरं मेली, तीस. आणि राजा शहाणा आहे म्हणूनच तुम्ही इथे बसून सुखानं उंबरं खाताय.”

“तू पाहिलंस?”

“पाहायला कशाला हवं? सगळं रान बोलतंय.”

बुलबुलासाठी पानांची नुसती बरसात झाली. खरे तर त्याला एका पोपटाने तीनच डुकरे सांगितली होती आणि पोपटाने तरी ती कुठे मोजली होती? पण तीन म्हटले की पाने पडत नाहीत आणि तीस म्हटले की पडतात, हे बुलबुलाला बोलता बोलताच उमगले होते. दुसऱ्या संध्याकाळी तिसांचे तीनशे झाले.

काय रंगल्या त्या संध्याकाळी, काय सांगू. हा म्हणे, तुझ्या आजीला वानरांनी फळे चारली होती म्हणून तू त्यांचा. तो म्हणे, तू डुकरांनी उकरलेले किडे खातोस म्हणून तू त्यांचा. ज्यांनी जन्मात कधी नदीही पाहिली नव्हती, त्या चिमण्या लढाईचे डावपेच सांगू लागल्या. बुलबुल तर अळ्या वेचतानाही पुटपुटत असे, कारण त्याला दिवसभर उत्तरे सुचत असत. त्याच्या बाजूची पाखरे आता त्याच्याच फांदीवर दाटी करून बसू लागली. होले, चिमण्या, शिंपी, सगळे आले. त्यांना त्याचे बोलणे फार पटे आणि रीतीप्रमाणे ती बसल्या जागेवरूनच पाने तोडत. सभा संपली की बुलबुल खाली वाकून आपला ढीग बघे, तेव्हा त्याला आनंदाने घरट्यात बसवत नसे.

एके दिवशी भर दुपारी त्याची बायको म्हणाली, “अहो, जरा वर बघा. ऊन थेट पिल्लांच्या अंगावर येतंय. पानं राहिली नाहीत आपल्या फांदीला.”

“अगं, तू खाली बघ. अख्ख्या झाडात एवढा ढीग कुणाचा नाही.”

“ढीग खाली आहे. पिल्लं वर आहेत.”

“आजचा दिवस थांब. आज सातभाईंची बोलती बंद करतो आणि उद्या घरट्याचं बघतो.”

हा ‘उद्या’ ती बिचारी आठ दिवस ऐकत होती. ती घरट्याच्या काठावर पंख पसरून बसली आणि पिल्लांवर आपलीच सावली धरून राहिली.

त्या संध्याकाळी सभेला एक टिटवी आली. टिटव्या काही झाडावर बसत नाहीत, त्यांचा मुक्काम नदीच्या वाळूत. त्यामुळे ती खाली, पानांच्या ढिगाशेजारीच उभी राहिली आणि मान वर करून बोलू लागली.

“बाळांनो, मी पलीकडच्या काठावरून येतेय. लढाई झाली, हे खरं. दोन डुकरं गेली आणि एक वानर गेलं. पण ती थांबल्याला पाच दिवस झाले. जांभळंच संपली, आता भांडणार कशावर? मी आले ते दुसरंच सांगायला. मारामारीत तिकडची झाडं मोडली, पाखरं उठून गेली, आणि तिकडचा शिकरा उपाशी पडला. तो नदी ओलांडून इकडे आलाय. आज सकाळी तुमच्या समोरच्या सावरीवर बसलेला मी पाहिला. पिल्लं पानांआड ठेवा.”

बुलबुलाला शिकऱ्याचे काहीच वाटले नाही, त्याला वेगळीच चिंता लागली. लढाई पाच दिवसांपूर्वीच संपली असेल, तर हे पाच दिवस आपण जिंकत होतो ते काय? आणि त्या तीनशे डुकरांचे काय? एवढ्यात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्याचा तुरा आपोआप उभा राहिला.

“टिटवीबाई,” तो म्हणाला, “आधी हे सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“मी वाळूच्या बाजूची. माझी अंडी वाळूत होती. दोघांनीही तुडवली.”

“म्हणजे कोणाच्याच नाही. आणि जो कोणाचाच नाही, त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं. बरं, पुरावा काय?”

“हे डोळे,” टिटवी म्हणाली.

“डोळे काय, घुबडालाही असतात. आमची लढाईची चर्चा ऐन रंगात आली की शिकऱ्याची भीती घालायची, ही फार जुनी युक्ती आहे.”

सगळे झाड खदखदून हसले. घरट्यात थोरले पिल्लूही मान उंच करून हसले. सातभाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच बुलबुलाची बाजू घेतली आणि त्याच्या फांदीवर येऊन सात पाने तोडली. मग कोण मागे राहतो? इतकी पाने पडली की टिटवीचे पाय त्यांत बुडाले. बुलबुलाच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा विजय होता.

टिटवीने पाय झटकून पानांतून बाहेर काढले. जाता जाता तिने एकदा वर पाहिले.

“तुझं घरटं मला इथून दिसतंय रे,” ती म्हणाली आणि नदीकडे उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलबुल चोचीत अळी धरून घरी परतत होता. मनात कालचाच विजय घोळत होता. करंजाजवळ येताच त्याचे लक्ष समोरच्या सावरीकडे गेले. तिथे छातीवर आडव्या रेघा असलेला एक पक्षी बसला होता आणि त्याचे पिवळे डोळे उघड्या पडलेल्या पूर्वेकडच्या फांदीवर खिळले होते. बुलबुलाच्या चोचीतली अळी गळून पडली.

“शिकरा! शिकरा आलाय, ओरडा सगळे!”

कुणीही ओरडले नाही.

“कोण म्हणतंय?” थोरल्या सातभाईने विचारले.

“मी म्हणतोय. तो बघ, समोर बसलाय.”

“पुरावा काय? शिकऱ्याची भीती घालणं ही जुनी युक्ती आहे, असं काल तूच म्हणालास ना?”

“जुनी युक्ती आहे,” सहा जण म्हणाले.

“आणि तो शिकराच कशावरून?” एक होला म्हणाला. “पावशाही हुबेहूब असाच दिसतो. मला तर पावशाच वाटतो.”

“अरे, माझी पिल्लं आहेत तिथे,” बुलबुल रडकुंडीला येऊन म्हणाला.

“तेच म्हणतोय मी,” थोरला सातभाई म्हणाला. “तुझी पिल्लं आहेत, म्हणून तू असं बोलतोस.”

हे म्हणणे एका चिमणीला इतके पटले की तिने एक पान तोडून खाली टाकले.

बुलबुल एकटाच शिकऱ्याच्या अंगावर धावून गेला. त्याच्या बायकोने घरट्यावर पंख पसरले, पण तिच्या दोन पंखांत तीन पिल्ले कशी मावणार? थोरल्या पिल्लाला वाटले, बाबा नेहमीसारखे बोलायला उभे राहिलेत. त्याने मान उंच केली आणि डोक्यावर नसलेला तुरा फुलवला. पाने असती तर ते दिसलेही नसते. शिकरा सरळ रेषेत आला, त्याने पिल्लाला उचलले आणि तो निघूनही गेला.

त्या दुपारी बुलबुल नदीवर गेला. लढाई लागल्यापासून तो पहिल्यांदाच तिकडे निघाला होता. जायला वेळ लागला तो एक उंबर खायला लागतो तेवढाच. पलीकडच्या काठावर वानर आणि डुकरे एकाच डोहावर पाणी पीत होती. एक म्हातारे वानर एका डुकराच्या पाठीवरची गोचीड काढत होते. बुलबुलाने ते सगळे पाहिले. मग तो वाळूत उतरला आणि टिटवीसमोर जाऊन उभा राहिला.

“टिटवीबाई, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”

टिटवीने त्याला एका शब्दानेही टोचले नाही. ती म्हणाली, “शिकरा सकाळी याच काठावरून येतो. तो निघाला की मी ओरडेन. तेवढं ऐकून तुम्ही सगळ्यांनी कालवा करा.”

बुलबुल परत आला तेव्हा त्याची बायको खालच्या ढिगातून एकेक पान आणून घरट्यावर ठेवत होती. पण ती पाने वाळून कोरडीठाक झाली होती. चोच लागली की त्यांचा चुरा होई आणि तो पिल्लांच्या डोळ्यांत जाई. झाडात एवढा मोठा ढीग कुणाचा नव्हता आणि त्यातले एक पानही सावली द्यायच्या कामाचे नव्हते.

संध्याकाळी सभा भरली. सभेत विषय एकच, सकाळी आला तो शिकरा होता की पावशा. अर्धी सभा इकडे आणि अर्धी तिकडे झाली. कुणी म्हणाला, मुळात पिल्लू नेलेच नाही, ते स्वतः उडून गेले. शेवटी सगळे बुलबुलाकडे वळले.

“तू सांग,” थोरला सातभाई म्हणाला. “तू जवळून पाहिलंस. आज तू म्हणशील ते आम्हाला मान्य. पानं तुझीच.”

शंभर चोची पानांच्या देठांवर टेकल्या आणि वाट पाहू लागल्या. बुलबुलाचा तुरा डोक्याला चिकटून बसला होता. तो उभाच राहिला नाही.

“पानं तोडू नका,” तो म्हणाला. “माझी दोन पिल्लं उरलीत. आणि उद्या सकाळी टिटवी ओरडेल, तेव्हा तिला काही विचारू नका, फक्त ओरडा.”

सगळ्या झाडाने एकदा त्याच्या फांदीकडे पाहिले. घरट्यातली दोन्ही पिल्ले कुठूनही दिसत होती. चिमण्यांनी देठ सोडले, मग होल्यांनी सोडले, आणि सगळ्यांत शेवटी सातभाईंनी सोडले. इतक्या दिवसांत त्या झाडावरचे कुणीतरी सभेत पहिल्यांदाच खरे बोलले होते, आणि त्या संध्याकाळी एकही पान पडले नाही.

तात्पर्य : दूरच्या लढाईवरून वाद जिंकण्याच्या भरात आपण आपल्याच घरावरची सावली तोडत असतो, म्हणून जो डोळ्यांनी पाहून आला, त्याला ‘तू कोणाच्या बाजूचा?’ असे विचारण्याआधी ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारावे.