हाकेला ओ

“सकाळी त्या आजींना ‘या, आत या’ असं कोण म्हणालं?”

सोमपुरी बुवांनी मठाच्या शाळेच्या खोलीच्या दारातूनच विचारलं. प्रद्युम्न टेबलाखाली वायरी चाचपत होता.

“मीच, बुवा. त्यांनी दारावर हाक मारली, मी खिडकीतून ओ दिली.”

“मग?”

“मग काय... आल्या असतील आत.”

“आल्या. आणि दुपारपर्यंत गोठ्यापाशी उन्हात बसून राहिल्या. कुठं बसायचं, कुणाला भेटायचं, कुणी सांगितलंच नाही.”

प्रद्युम्न ओशाळला, पण फार नाही.

दारावरच्या हाकेला ओ द्यायची ती आल्यागेल्याचं बघणाऱ्या तानीबाईंनीच, असा मठाचा नियम होता. बाकीच्यांनी ऐकूनही गप्प बसायचं. प्रद्युम्नला तो कधी पटलाच नव्हता. शहरातली बरी नोकरी सोडून तो मठात आला होता खरा, पण हुशारी काही तिकडे ठेवून आला नव्हता. कुणी काहीही विचारो, उत्तर याच्या जिभेवर तयार.

त्याच भरात त्याने विश्वस्तांना शब्द देऊन ठेवला होता. मठाच्या शाळेला एका कचेरीने जुने संगणक दिले होते, तेही आतल्या डिस्क काढून घेऊन; यंत्राला जे काही येतं ते सगळं त्या डिस्कमध्येच असतं. नुसती खोकी. विश्वस्त म्हणाले, भंगारात घाला. प्रद्युम्न म्हणाला, “डिस्क हवी कशाला? कपाटात एक डिस्कवाला संगणक सर्व्हर म्हणून ठेवतो, सगळं त्याच्यात भरतो. ही सारी यंत्रं त्याच्या जिवावर चालतील. शनिवार संध्याकाळपर्यंत नाही चालली, तर खुशाल टेम्पो बोलवा.”

आज शनिवार होता. उन्हं कलली होती आणि एकही यंत्र चालत नव्हतं. शाळेची मुलं खिडकीच्या गजांना नाकं लावून उभी होती. 

बुवा स्टूल ओढून बसले.

“अडलंय कुठं?”

“तुम्हाला नाही कळायचं, बुवा.”

“नाहीच कळणार. तरी सांग.”

प्रद्युम्नने सुस्कारा सोडला. “डिस्कच नाही, त्यामुळे बटण दाबलं की या यंत्राला काहीच ठाऊक नसतं. स्वतःचं नावसुद्धा नाही. ते तारेवरून हाक मारतं, मी कोण? मी काय करू? सर्व्हरने ओ द्यायची, त्याला पत्ता द्यायचा, आणि पुढचं सगळं कुठून घ्यायचं ते सांगायचं.”

“ओ देत नाही?”

“ओ मिळते. पत्ताही मिळतो. पुढचं काही सांगितलंच जात नाही. यंत्र बिचारं तसंच बसून राहतं.” त्याने कपाटावर थाप मारली. “सगळा दोष या सर्व्हरचा. पुन्हा पुन्हा नव्याने भरला, तरी तेच!”



इतक्यात मठाच्या दारावर हाक आली. “आहे का कुणी? भंगाराचा टेम्पो आणलाय!”

प्रद्युम्न खिडकीकडे वळला, तोंड उघडलं...

बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.



मग अंगणातून तानीबाईंचा आवाज आला. “आले हो! ओट्यावर टेका जरा, पाणी आणते. विश्वस्त देवळामागं आहेत, त्यांच्याकडं नेते तुम्हाला.”

बुवांचा हात तसाच होता. प्रद्युम्नला बोलायची सोय नव्हती, म्हणून तो नुसता बघत राहिला. बघता बघता त्याची नजर खिडकीतल्या लॅपटॉपवर गेली. त्याचा स्वतःचा, नवाकोरा लॅपटॉप. तोही त्याच तारेला जोडलेला. दिवा लुकलुकत होता.

पहिल्या दिवशी करून बघायचं म्हणून, यंत्रांच्या हाकेला ओ द्यायला त्याने लॅपटॉपला शिकवलं होतं. मग कपाटातला सर्व्हर आला. पण लॅपटॉपला गप्प बस म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हातारा सर्व्हर तोंड उघडेपर्यंत हा चटपटीत लॅपटॉप पत्ता देऊन मोकळा. पुढचं द्यायला त्याच्याजवळ होतं काय?

प्रद्युम्नने बुवांचा हात हळूच बाजूला केला. उठला, आणि लॅपटॉपची तार उपटली.

“या रे आत! दाबा बटणं!”

मुलं घुसली. पडदे काळे झाले. मग अक्षरं धावू लागली, थांबली... आणि पुढे सरकली! या कोपऱ्यात एक पडदा निळा झाला, त्या कोपऱ्यात दुसरा, मग साऱ्या ओळीच उजळल्या. मुलांनी अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली गाय हंबरली. भंगारवाला पाण्याचा तांब्या हातात घेऊनच दारात आला.

“यातलं भंगार कुठलं म्हणायचं?” त्याने विचारलं.

“आता चहाच घेऊन जा,” तानीबाई मागून म्हणाल्या.

प्रद्युम्नला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागत होते. “चालली, बुवा! सगळीच्या सगळी चालली!”

“दिसतंय की,” बुवा म्हणाले. तेही हसत होते.

मग प्रद्युम्नला हातातल्या तारेची आठवण झाली. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं.

“सर्व्हरच्या आधी हाच ओ देत होता, बुवा. याचं काय करू? या खोलीत पुन्हा आणतच नाही याला.”

“असं कसं? जोड की परत.”

“परत?”

“हो,” बुवा म्हणाले. “फक्त आधी त्याची डिस्क काढ.”