रिता कातळ

तुम्ही आत्ता पिशव्या खाली ठेवून ज्यावर चढलात, तो हा रिता कातळ. कोंडखिंडीच्या माथ्यावर एवढा सपाट दगड दुसरा नाही. एके सकाळी इथेच भांडण पेटलं होतं, असं सांगतात. रावजी पाटलाचा आवाज खालच्या वाडीपर्यंत पोचत होता आणि ठमाकाकी त्याच्याकडे न बघता दोन्ही हात हळूहळू वर नेत होती.

रावजीचं म्हणणं असं, की गोठ्यात शेण तसंच पडलेलं, घरात पाण्याचा थेंब नाही, आणि ही साठीची बाई उजाडताना एका परक्या म्हाताऱ्या कैद्यासमोर रिकाम्या हातांनी उभी राहते. आता तर सात-आठ बायका तिच्यामागे उभ्या राहायला लागल्या. ही करणीच. त्या म्हाताऱ्याला डोंगराखाली घालवायचं आणि ठमाला कुणी बाळंतपणाला बोलवायचं नाही. गावाला दुसऱ्याचे रिकामे हात फार दिसतात. स्वतःचं रिकामं चालणारं तोंड दिसत नाही.

ठमाकाकी सात वाड्यांची एकटी सुईण. बोलवायचं नाही, हे ऐकलं मात्र, आणि तिचे हात अर्ध्यावर थांबले. चिंचवाडीच्या सारजाचे दिवस भरत आले होते.

हीच सारजा आदल्या वर्षी अडली होती. निरोप आला तशी काकी निघाली, पण छातीत दोन वर्षांपासून घरघर बसलेली. चढावर सात वेळा टेकावं लागलं. पोचली तोवर मूल जन्मून निळं पडलं होतं. गळ्याभोवतीचा नाळेचा वेढा सोडवणारं तिथं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून काकीला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायची, दारात जाऊन डोंगराकडे बघायची, कुणाचा कितवा महिना ते बोटांवर मोजत राहायची.

खिंडीत तेव्हा अलामबुवा राहायचा. इंग्रज सरकारने चीनकडचे कैदी गलबतातून आणून इथे रस्ते फोडायला लावले होते म्हणे. बाकीचे परत गेले, हा शिक्षा सरल्यावरही टोपल्या विणत राहिला. वयाने काकीहून थोरला, पण बांबूची मोळी घेऊन खिंड चढला तरी ओठ मिटलेले. काकीने एक दिवस त्याला वाटेत अडवलं.

"बुवा, तू दम ठेवतोस कुठं?"

त्याला मराठी फार येत नव्हतं. त्याने या कातळाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काकी आली ती डोक्यावर भरली घागर घेऊन. रिकाम्या हाताने दिवस सुरू करायचा नाही, हे आईने शिकवलेलं. त्याने घागर उतरवून ठेवली. गुडघे जरा वाकवून, पाण्यातून न्यावेत तसे हात वर नेले, श्वास आत. खाली आणले, श्वास बाहेर. काकीने ते भात कांडावं तसं मुसळाच्या ठेक्यात धरलं. एका दमात शंभर केले आणि घेरी येऊन पडली. तिसऱ्या दिवशी घागर नव्हती, पण काखेत अंबाडीची पेंडी. हात वर जाता जाता दोर वळत होते. म्हाताऱ्याने तीही काढून घेतली आणि त्याला येणाऱ्या चार शब्दांतला एक उच्चारला. "हळू."

जन्मात त्या रिकाम्या हातांइतकं जड ओझं काकीने उचललं नव्हतं. हात खांद्यापर्यंत जाईतो मन तीन वाड्या फिरून यायचं. तिने त्याला शिव्या घातल्या, दोनदा सोडून गेली, दोनदा परत आली. पावसाळा गेला, थंडी गेली. ती शांत झाली असं कुणी सांगत नाही, आणि खोटं कशाला सांगा. पण शिमग्याला ती चिंचवाडीचा चढ कुठेही न टेकता चढून गेली.

आणि आता वैशाखात रावजी तिची वाटच बंद करायला उभा होता. मागच्या बायका घागरी उचलायला वाकल्या. त्यांत रावजीची आईही होती. अलामबुवाने निघायच्या तयारीने कोयता कमरेला अडकवला. त्याला आजवर पुष्कळ ठिकाणांहून घालवलेलं होतं. रावजीने शेवटचं विचारलं, "काकी, अशी रिकामे हात घेऊन उभी राहतेस, लाज नाही वाटत?"

तेव्हा काकी वळली आणि एकच वाक्य बोलली. रावजीची मान खाली गेली ती वर आली नाही. त्याच्या आईने घागर पुन्हा खाली ठेवली आणि ती काकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

चौथ्या दिवशी चिंचवाडीहून माणूस आला. काकी पोचली तेव्हा सारजा कळा देत होती. नाळेचा वेढा याही खेपेला होता म्हणतात. काकीने तो सोडवला, आणि पोर रडलं.

आजही सात वाड्यांतल्या बाया उजाडताना घागरी कातळाखाली मांडून इथे येतात, हात सावकाश वर नेतात, सावकाश खाली आणतात. कुणी नवखा हसून विचारतो, रिकाम्या हातांनी हे काय चाललंय? मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, हात न थांबवता, ठमाकाकीचं ते वाक्य त्याला ऐकवते:

"रावजी, तू आईच्या पोटातून आलास तेव्हा माझे हात रिकामेच होते, म्हणून तू भुईवर पडला नाहीस."