काढलेलं ऑइल

“उस्ताद, ह्या तिघांतलं चांगलं कुठलं?”

सुजयनं ऑइलचे तीन डबे आमच्या गाडीच्या बॉनेटवर ओळीनं मांडले होते. सुजय डिप्लोमा झालेला. तीन वर्षं हसनमियाँ उस्तादांच्या हाताखाली होता आणि पुढच्या महिन्यात देवरुखात स्वतःचं गॅरेज टाकणार होता. तसं तो आल्या-गेल्याला सांगायचा.

उस्ताद स्टुलावर बसून स्पार्क प्लग पुसत होते.

मी बाकावर होते. मांडीवर जुई, अकरा महिन्यांची. तिच्या हृदयाला बारीक भोक आहे. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्याची तारीख होती. आंबा घाट चढून जायचं, म्हणून हे गाडी ऑइल बदलायला लावून तिची औषधं आणायला गेले होते.

“पुस्तकात पाच-तीस ग्रेडचं लिहिलंय,” सुजय म्हणाला. “पण गाडी दीड लाख चाललीय. मी म्हणतो, वीस-पन्नास घालू. जाड असतं. इंजिनाचा आवाज दबेल.”

“दबेल?”

“एकदम.”

“आवाज दाबायचा असतो काय रे?”

सुजय हसला. “मग हे सिंथेटिक घालू. सगळ्यात भारी. डब्यावरच लिहिलंय बघा.”

“डब्यावर लिहिणारानं ही गाडी बघितलीय?”

“जुनं काढलंस?” उस्तादांनी विचारलं.

“काढलं की. ड्रममध्ये ओतलं पण. परवा सेंट्रिंगवाला येईल, फळ्यांना लावायला नेईल.”

“बघितलंस?”

“जळक्या ऑइलात काय बघायचं उस्ताद? काळंच असणार.”

उस्तादांनी प्लग खाली ठेवला. माझ्याकडे वळले.

“ताई, एक विचारू? पोरीचा लंगोट बदलता, तेव्हा आधी काय करता? चांगला लंगोट निवडत बसता?”

मला लाज वाटली. पण म्हातारा माणूस, खरंच विचारत होता.

“नाही चाचा. आधी जुन्यात बघते.”

“काय बघता?”

“शी कशी झालीय ते. पिवळी का हिरवी, पातळ का घट्ट. एकदा हिरवी झाली तर तशीच डॉक्टरांना नेऊन दाखवली होती.”

सुजय फिस्सकन हसला. “काय ताई तुम्ही पण!”

उस्ताद हसले नाहीत. उठले. गाडीखाली ऑइल काढायचा पसरट ट्रे होता, तो पायानं ओढला. वाकून त्याच्या तळाशी बोट फिरवलं.

मग सुजयचा हात धरला आणि ते बोट त्याच्या तळव्यावर पुसलं.

ते काळं नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं होतं.

सुजयनं हात नाकाशी नेला. बोटांनी चोळून बघितलं. परत बघितलं.

“ताई,” उस्तादांनी विचारलं, “रेडिएटरात पाणी घालावं लागतं का?”

“हे रोज सकाळी बाटली ओततात. म्हणतात, ऊन फार आहे.”

“गॅस्केट गेलंय,” सुजय हळूच म्हणाला. “पाणी ऑइलात उतरतंय.”

“घाटात काय झालं असतं?”

“इंजिन जाम,” सुजय म्हणाला आणि जुईकडे बघत राहिला.

मी बाकावरून उठले. “चाचा, मग उद्या? तारीख चुकली तर परत दोन महिने मिळत नाही हो.”

“ह्या गाडीनं नाही. पहाटे पावणेसहाला एसटी आहे. पुढची सीट धरा, पोरीला हिसके कमी बसतील. गाडी चार दिवसांनी न्या.”

सुजयनं एकेक करून डबे बॉनेटवरून खाली घेतले. चिंधीनं तळवा पुसला. सगळा पुसला नाही.

हे औषधं घेऊन आले. काय झालं ते सुजयनंच त्यांना सांगितलं, आपण न बघताच ओतलं हेसुद्धा. उस्ताद नळावर साबणाच्या चुऱ्यानं हात धूत होते.

आम्ही निघायला उठलो. सुजय नळापाशी गेला.

“उस्ताद... गॅस्केट बसवल्यावर तरी सांगा. तिघांतलं चांगलं कुठलं?”

उस्तादांनी नळ बंद केला.

“जे काढताना बघशील, ते.”