पाचवा विसावा

आसवडीच्या घाटात, कोकणातून वर चढताना, पाचव्या वळणावर छातीइतका उंच दगडी कट्टा लागतो. डोक्यावरचं ओझं कुणाच्या हाताशिवाय उतरवता यावं म्हणून एवढा उंच. त्यावर एक शिळा बसवली आहे: ‘इनामदारांनी वाटसरूंच्या सुखासाठी बांधिला.’ गावचे म्हातारे गुणाजी भोई पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवतात.

“वाचा, वाचा. खोटं किती सुबक कोरता येतं बघा,” म्हणतात, आणि तिच्यावर आपला ओला पंचा वाळत घालतात.

इनामदाराचं नाव ते घेत नाहीत. भोयांच्या घरात कुणीच घेत नाही. ‘ते ओझं’ एवढंच म्हणतात.

त्या काळी या वाटेवर अशा कट्ट्यांचे सात विसावे होते, असं सांगतात. पालखीला सहा भोई. चौघे दांडीखाली, दोघे मोकळे. वाट इतकी अरुंद की चालताना खांदा बदलता येत नसे, तो विसाव्यावरच बदलायचा. पुढे भिवाजी होता आणि मागच्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ सटवाजी. मागच्याला पालखीमुळे वाट दिसत नाही. म्हणून पुढच्यानं ओरडायचं, “डाव्या अंगाला धोंडा,” आणि मागच्यानं “हूं” म्हणायचं.

ते ओझं त्या दिवशी घाईत होतं. वरच्या गावी दरबारात त्याला मानाचं पागोटं मिळणार होतं. सटवाजीला तीन दिवसांचा ताप. पहिला विसावा आला तसा भिवाजी म्हणाला, “सरकार, खांदा बदलू द्या. भावाचं अंग तापलंय.”

“कधी थांबायचं ते बसणारा ठरवतो,” आतून आवाज आला. “आणि ताप पायांना थोडाच येतो?”

आपल्याच विनोदावर आतला माणूस बराच वेळ हसला. बसणारा हसला की पालखी हिंदकळते आणि जड होते. हे फक्त भोयांना ठाऊक.

दुसरा विसावा गेला, तिसरा गेला. मागचा ‘हूं’ बारीक होत चालला. भिवाजीला ते ऐकू येत होतं. पण हुकमाशिवाय पालखी टेकवणं म्हणजे भोयानं नाक कापून घेणं. त्याच्या घराण्यात ते कुणी केलं नव्हतं, आणि त्याला त्याचा ताठा होता. चौथाही गेला.

पाचव्याच्या अलीकडे तो ओरडला, “खाली पायरी.”

मागून काही आलं नाही.

“सटवा, हूं म्हण की रं!”

मग मात्र त्यानं हुकमाची वाट पाहिली नाही. कट्ट्यापाशी पालखी टेकवली. दांडी खाली आली तेव्हा सटवाजी कोसळला. त्याचा जीव वळणाआधीच गेला होता, म्हणे. पालखी टेकेपर्यंत खांदा मात्र हलला नाही.

“कुणी टेकवली?” पडद्याआडून ओरडणं झालं.

“उतरा,” भिवाजी म्हणाला. या खेपेला ‘सरकार’ नव्हतं. “पालखी रिकामी पायजे.”

“या उन्हात मी चालू?”

“पायांना ताप न्हाई ना आला?”

गादीवर त्यांनी सटवाजीला निजवलं. चौघे दांडीखाली गेले, पाचव्यानं पाणी घेतलं. सहाव्या विसाव्यावर ते थांबले. सातव्यावरही थांबले. त्याचे ओठ ओले केले, खांदा बदलला, जिवंत माणूस दमला असता तर बसले असते तेवढं बसले. ते ओझं मागून लंगडत येत होतं. आधी शिव्या देत, मग पाणी मागत. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. एकानं नुसतं बोट करून झरा दाखवला.

माथ्यावर स्वागताला माणसं उभी होती. त्यांना दिसलं ते प्रेत आणि त्यामागून धुळीनं माखून येणारा एक माणूस. एका म्हाताऱ्यानं कळवळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमचा कोण लागत होता, बाबा?”

पागोट्याचं पुढं काय झालं, हे भोयांनी कधी विचारलं नाही.

भिवाजीनं त्याला दोष देण्याइतकीही किंमत दिली नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, “ते वझं. वझ्याला काय कळतंय? हूं बारीक झाल्यालं ऐकू मला येत हुतं.”

रीत त्यानंच घालून दिली, असं सांगतात. आजही या घाटात वरात असो, मयत असो की शाळेची सहल, कधी थांबायचं ते सगळ्यात मागे असलेला सांगतो. तो ‘विसावा’ म्हणाला की पुढचे सगळे असतील तिथे बसतात. का, म्हणून कुणी विचारत नाही.