चाखायचा गूळ

गावाबाहेर काचेच्या भिंतींचं पहिलं मोठं किराणा दुकान उघडलं, तेव्हाची ही गोष्ट. पेठेत बाळाप्पा वाण्याच्या ओट्याखाली एक मुंगी राहायची. बाळाप्पा गिऱ्हाइकाला आधी गूळ चाखायला द्यायचा. जो चुरा सांडायचा, त्यावर मुंगीचं पोट चालायचं.

गिऱ्हाईक आटलं तसा चुराही आटला. तीन दिवस चालून मुंगी काचेच्या दुकानात पोचली. तिथे गुळाचा डोंगर होता, पण सगळा प्लास्टिकात! दिवसभर गुळावरून हिंडून ती उपाशीच परतली.

ओट्यापाशी सरूकाकू उभ्या होत्या. "बाळाप्पा, तिथला गूळ खारट निघाला हो! सणाच्या पोळ्या वाया गेल्या. मेले चाखूसुद्धा देत नाहीत."

बाळाप्पाने हसून ढेप फोडली, खडा पुढे केला.

खालून मुंगी म्हणाली, "काकू, जरा सांडून खा. मीही तिथूनच आलेय."