जैनीबाईची काच

"मग मला एकट्याला काचा वाचू कधी देणार, मॅडम?"

प्रफुल्ल उसेंडीनं पुन्हा तोच प्रश्न काढला. मेश्राम मॅडमच्या हाताखाली तो काचपट्टीवरच्या रक्तात हिवतापाचे जंतू ओळखायला शिकत होता. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात जागा रिकामी होती, आणि मॅडमनी हो म्हटल्याशिवाय ती मिळणार नव्हती. पोराची नजर तेज होती. जीभ जरा जास्तच.

"माझी प्रत्येक काच तुम्ही परत पाहता," तो म्हणाला. "विश्वास नाही का माझ्यावर?"

बाहेर बाकावर जैनीबाई तापानं कुडकुडत, चादर गुंडाळून बसली होती. तिच्या रक्ताची काच मॅडमनी त्याच्यापुढे सरकवली.

प्रफुल्लनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच काढला.

"आहे. हिवतापच."

"स्क्रू थोडा फिरव."

त्यानं फिरवला. रक्तपेशी पुसट झाल्या, त्याला दिसलेला जंतू मात्र ठळक झाला. म्हणजे तो पेशीत नव्हताच, वर बसला होता. रंगाचा कण... आणि सकाळी रंग न गाळताच काचेवर ओतला होता तो प्रफुल्लनंच.

त्याचे कान लाल झाले.

"मग नाही. हिवताप नाही."

"एवढ्यात?"

...

तो पुन्हा वाकला. काच एका कडेपासून हळूहळू सरकू लागली. बाहेर जैनीबाई कण्हली, मॅडमचा चहा पिऊन झाला, तरी हा उठेना.

शेवटी एका पेशीत बारीकशी निळी अंगठी दिसली, तिला लाल खडा. त्यानं स्क्रू फिरवला. पेशी पुसट झाली तशी अंगठीही पुसट झाली, म्हणजे ती पेशीच्या आतच होती, खरा जंतू. पुढे आणखी एक सापडली.

पण मघाचं ते 'आहे' काही तोंडातून निघेना.

"मॅडम... एकदा तुम्ही पाहता का?"

मॅडम उठल्या. त्यांना फार बरं वाटलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. त्यांनी सावकाश पाहिलं आणि मान डोलावली.

"त्या बाईला गोळ्या दे," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारपासून तुझ्या गावच्या काचा तू वाच."